सोवळ्याच्या उंबऱ्यापलीकडे

नाशिकजवळच्या जलालपुरात लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्यांचे पती नारायण वामन टिळक नाशिकलाच शास्त्र्यांकडे संस्कृत शिकलेले, हाडाचे कवी. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीजवळ राहायला आल्या, पण चूल वेगळी आणि पाणीही वेगळे. त्यांची अडचण येशूच्या शिकवणुकीची नव्हतीच. कोणाच्या हातचे खायचे, हा प्रश्न होता. माणसे देवाने केली, जाती माणसांनी, हे एकदा मनात लख्ख उजाडले आणि विटाळ सुटला. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनी इतक्या निर्मळपणे सांगितला आहे, की कोणत्याही धर्माच्या वाचकाने तो वाचावा.

टिळकांना दुसरा अडसर दिसला तो चर्चमध्येच. उपासना मराठी, चाली मात्र विलायती! ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखात हा धर्म परका वाटणारच. त्यांनी अभंग रचले, भजने लिहिली, टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तकीर्तन उभे केले. मृत्यूपूर्वी दोन वर्षे, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. मिशनच्या चौकटीबाहेर पडून असा विचार करणे हे मोठेच धाडस होते.

टिळकांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. १९३६ मध्ये नाशिकलाच लक्ष्मीबाईंचे निधन झाले. टिळकांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.