लोणारची वाळू समुद्री टाकीत का नको

बुलढाणा जिल्ह्यात समुद्री माशांची टाकी लावायचा विषय निघाला की एक तर्क हमखास ऐकू येतो: लोणार सरोवराचं पाणी खारं, समुद्राचंही खारं, मग काठावरची वाळू सोडून पांढरी वाळू विकत कशाला आणायची? तर्क सोपा आहे आणि साफ चुकीचा आहे. ‘खारं’ ही जिभेने सांगितलेली चव आहे, पाण्यात काय विरघळलंय ते तिला कळत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात मीठ सर्वाधिक, शिवाय भरपूर मॅग्नेशियम आणि सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम. सामू 8.1 च्या आसपास. लोणारच्या पाण्यात मिठाच्या जोडीला सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट आहेत, म्हणजे चक्क सोडा. कॅल्शियम अगदी थोडं आणि सामू दहाच्या घरात. सामूच्या मोजपट्टीवर दोन अंकांचा फरक म्हणजे शंभरपट फरक. सामू इतका चढला की माशांच्या उत्सर्जनातल्या अमोनियमचा बराचसा भाग विषारी अमोनिया होतो. जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. हे पाणी अशा जिवांना मानवतं, प्रवाळातल्या माशांना नाही.

यावर उत्तर मिळतं, ‘पाणी कुठे वापरतोय? वाळू धुऊनच टाकणार.’ धुतल्याने चिकटलेला सोडा आणि गाळ जाईल, पण कण इथल्या बसाल्ट खडकाचाच राहील. कागदात गुंडाळलेलं चुंबक या भागातल्या काळ्या वाळूवरून फिरवा, कागदाला काळ्या कणांची मिशी फुटते. हे मॅग्नेटाइटचे कण टाकीची काच पुसायच्या चुंबकात अडकतात आणि काचेवर कायमचे ओरखडे उठवतात. हवाई बेटांच्या किनाऱ्यावर बसाल्टचीच काळी वाळू आहे आणि तिथे मासे सुखाने राहतात, हा आक्षेप रास्त आहे. दोष काळ्या रंगात नाही. पण तिथे वाळूभोवती अख्खा महासागर आहे, आपल्याकडे दोनशे लिटर पाणी. पूर्णा किंवा पैनगंगेच्या वाळूतही काळ्या मातीचा चिकण गाळ आणि कपाशी-सोयाबीनवरच्या फवारणीचा अंश येऊ शकतो, आणि कोळंबीसारख्या जिवांना कीटकनाशकाचा लवलेशही पुरतो. शिवाय लोणार हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही. तिथून पिशवीभर वाळू उचलणं हा हिशेब रसायनाआधीच चुकतो.

मग पांढरी वाळू घेतली की झालं, असंही नाही. सिलिका वाळूही पांढरी दिसते. ओळख पटवायला वाटीत चमचाभर वाळू घेऊन वर व्हिनेगर टाका: बुडबुडे आले तर चुनखडी आहे, गप्प राहिली तर बहुधा सिलिका. समुद्री टाकीसाठी अ‍ॅरागोनाइट, म्हणजे चुनखडीचाच एक प्रकार, सुचवतात, कारण तो समुद्रातल्या शिंपल्या-प्रवाळांचाच पदार्थ आहे. मात्र तो विरघळत राहून सामू आपोआप सांभाळतो, ही समजूत दुकानापासून घरापर्यंत पसरलेली आहे. समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी अ‍ॅरागोनाइटने आधीच अतिसंपृक्त असतं. सामू आठच्या वर असताना तो जवळजवळ विरघळत नाही. तळाच्या थरात कुजण्याने सामू उतरला तिथेच थोडासा विरघळतो. म्हणून क्षारता (अल्कलिनिटी) मोजावीच लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सिलिका वाळूने तपकिरी शेवाळ येतं: ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, तो फार कमी विरघळतो, सिलिकेट बहुतेकदा नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून येतं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी आयतंच समुद्री: नाही, आरओचं पाणी आणि समुद्री मिठाचं मिश्रण लागतं. थर जितका जाड तितका चांगला: तीन ते पाच सेंटिमीटर पुरे, जाड थरात प्राणवायू पोहोचत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साठू शकतो. बारीक वाळूच उत्तम: वाळूत शिरणाऱ्या माशांसाठी हो, पण जोरदार प्रवाहात ती उडते, एक ते दोन मिलिमीटरचा कण बहुतेक टाक्यांना चालतो. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे कुटून घ्यावेत: कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. वाळू निवडताना चव किंवा रंग पाहून भागत नाही. कण कशाचा आणि कुठून आला, एवढं विचारलं तरी टाकीतले पुढचे बरेच मृत्यू टळतील.