नाताळ, ३१ डिसेंबर आणि द्राक्षाची बाटली : पारख कशी करावी?



आपला गळीत हंगाम ऐन भरात असतो, त्याच वेळी तिकडे मुंबईत नाताळ आणि वर्षअखेरीचे दिवस येतात. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, लेकी-जावई आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत स्थायिक झाली आहेत. तोडणीची पाळी उरकली की चार दिवस तिकडे जाणे होते. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून जेवणाचे आमंत्रण येते, नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर सगळे जमतात. मग पोरगा विचारतो, "आबा, एखादी चांगली वाइन न्यायची म्हणतोय, कुठली घेऊ?"

अशा वेळी "मला त्यातलं काय कळतंय" म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. जे घेत नाहीत त्यांनी घ्यावी, असा या लेखाचा उद्देश मुळीच नाही. पण घरात बाटली येणारच असेल, तर ती पारखून यावी. आणि ब्रिक्स पाहून उसाची तोड ठरवणाऱ्याला निम्मी पारख आधीच आलेली असते.

ऊस आणि द्राक्ष : हिशेब एकच

आपण रसाचा ब्रिक्स ज्या यंत्राने पाहतो, तेच यंत्र घेऊन वाइनवाला द्राक्षबागेत फिरतो. साधारण २२ ते २४ ब्रिक्स आला की तो काढणी करतो. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल होते. ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडे अधिक, तितके टक्के अल्कोहोल, असा ढोबळ हिशेब धरावा; म्हणजे २२ ब्रिक्सला सुमारे १२ टक्के. साखर जवळजवळ सगळी संपली तर वाइन 'ड्राय', थोडी राहिली तर गोड.

रमचे तसे नाही. ती मळीच्या आसवनातून होते आणि आपल्याकडे तिच्यात बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणून वाइन पाण्यासारखी पिऊ नये, तशीच ती रमच्या मापानेही मोजू नये.

बुडबुडे कुठून येतात?

फसफसणाऱ्या म्हणजे स्पार्कलिंग वाइनची गंमत आपल्या सभासदांना आवडेल. तयार वाइन बाटलीत भरून तिच्यात लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट पुन्हा घालतात व बाटली घट्ट बंद करतात. आत वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते. दाब सुमारे सहा वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुप्पट-अडीचपट. काच जाड आणि बुचाला तारेची जाळी असते ती यासाठीच.

शेवटी चवीपुरती साखर घालतात आणि त्यावरून प्रत ठरते. लेबलावर ही प्रत लिहिलेली असते, ती अशी वाचावी :

ब्रूट : लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर.
एक्स्ट्रा ड्राय : १२ ते १७ ग्रॅम.
सेक : १७ ते ३२ ग्रॅम.
डेमी-सेक : ३२ ते ५० ग्रॅम.

'एक्स्ट्रा ड्राय' हे ब्रूटपेक्षा गोड असते, इथे भले भले फसतात. तसेच 'शॅम्पेन' हे नाव फक्त फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या वाइनचे. बाकी सगळ्या स्पार्कलिंग.

आपल्या मातीतल्या बाटल्या

परदेशी नावाला भुलून दाम मोजण्याची गरज नाही. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावी १९८० च्या दशकातच शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने स्पार्कलिंग वाइन करून ती परदेशी पाठवली. नाशिकच्या सुला वाइन २००० साली बाजारात आल्या. राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले ते २००१ मध्ये. २०१३ पासून शाँदाँ या फ्रेंच घराण्याची स्पार्कलिंग दिंडोरीच्या वायनरीतून येते. अकलूज म्हटले की आपल्याला सहकारमहर्षींचा साखर कारखाना आठवतो. त्याच माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्ली ही वायनरी आहे. चांगली बाटली निवडली तर दोन पैसे आपल्यासारख्याच बागाईतदाराकडे जातात, हेही ध्यानात असावे.

कोणत्या जेवणाला कोणती?

अंधेरीच्या मरोळला किंवा बोरिवलीजवळच्या गोराईला जे ईस्ट इंडियन लोक आहेत ते मराठी बोलणारे, मूळचे इथलेच भूमिपुत्र. १८८७ मध्ये त्यांनी आपली असोसिएशन काढली. नाताळात त्यांच्याकडे सोरपोतेल, विंदालू, फुग्या असा तिखट-आंबट बेत असतो. याला ब्रूट स्पार्कलिंग किंवा किंचित गोडसर शेनिन ब्लाँ न्यावी. तुरट लाल वाइन तिखटाबरोबर अधिकच कडवट लागते. साध्या भाजलेल्या मटणाला शिराझ चालते. केकबरोबर मात्र डेमी-सेक; पदार्थापेक्षा वाइन कमी गोड असली तर ती आंबट वाटते.

मुलुंड-घाटकोपरला गुजराती शेजार. तळलेल्या, खारट फरसाणाला ब्रूट छान जाते. पण पुष्कळ घरी हे चालतच नाही. तिथे आग्रह नको, आले-लिंबू घातलेला उसाचा रस न्यावा. त्यात आपला मानच आहे.

घेताना आणि उघडताना

परवानाधारक दुकानातूनच, पावती घेऊन खरेदी करावी. 'ओळखीतून स्वस्तात' मिळणारी बाटली दारातच नाकारावी. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तिच्यात मिथेनॉल होते. आपल्या आसवनीत होते ते इथिल अल्कोहोल. मिथिल हे निराळे विष आहे, आणि ते वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही.

लेबलावरचे साल पाहावे. आपल्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते. साधी पांढरी वाइन काढणीपासून दोन वर्षांच्या आत प्यावी. उन्हात मांडलेली किंवा बूच वर सरकलेली बाटली घेऊ नये.

७५० मिलीच्या बाटलीत पाच पेले होतात, स्पार्कलिंगचे सहा. स्पार्कलिंग चांगली गार करावी. मुंबईची हवा उष्ण, म्हणून लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. उघडताना बाटली तिरपी धरून, कुणाच्याही तोंडाकडे न रोखता, बुचावर फडके दाबून बूच धरून ठेवावे आणि बाटली फिरवावी. बूच हळूच सुटले पाहिजे. फटाक्यासारखे उडवले तर वाइन फेसाबरोबर वाया जाते, आणि एखाद्याचा डोळाही जातो.

पिण्याचा परवाना आणि वयाची अट पाळावी. परतताना स्टिअरिंग ज्याच्या हाती, त्याने पेल्याला हात लावू नये. पोराने पुन्हा विचारले, तर त्याला आधी लेबल वाचायला सांगा : साल कोणते, साखर किती, बाग कुठली.