विष एका देशाचे, औषध दुसऱ्या देशाचे

भातलावणीचे दिवस आले की शहापूर-मुरबाड पट्ट्यात सर्पदंशाच्या घटना वाढतात. अनवाणी पायांनी चिखलात दिवसभर काम, बिळांत पाणी शिरल्याने बाहेर पडलेले साप आणि रात्री जमिनीवर टाकलेले अंथरूण, अशी सगळी कारणे एकाच वेळी जमून येतात. आसनगाव स्टेशनपासून लांबच्या पाड्यांवर तर दवाखाना गाठण्यातच मोलाचा वेळ जातो. तिथे डॉक्टरांच्या हाती विषावरचे एकच खात्रीचे औषध असते, ते म्हणजे सर्पविषरोधी इंजेक्शन, अर्थात एएसव्ही.

ही कुपी केवळ आपल्या तालुक्याच्या उपयोगाची नाही. श्रीलंका आणि आफ्रिकेतले अनेक देशही भारतात तयार झालेल्या प्रतिविषावर विसंबून राहिले आहेत. दोन देशांच्या सहकार्याचा विषय निघाला की बंदरे, कर्ज आणि व्यापार करारांची चर्चा होते. पण ते सहकार्य किती खरे आहे, याची कसोटी अशा छोट्या कुपीतही लागते.

औषध विषापासूनच

प्रतिविष तयार करायला आधी विषच लागते. सापाचे विष अगदी थोड्या आणि हळूहळू वाढत्या मात्रेत घोड्याला टोचले जाते. घोड्याचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग घोड्याचे थोडे रक्त घेऊन त्यातली प्रतिपिंडे वेगळी काढतात, शुद्ध करतात आणि सुकवून कुपीत भरतात. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षे केले आहे. माळशेज घाटापलीकडच्या नारायणगावातही प्रतिविष तयार होते.

भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांविरुद्ध चालते. त्यासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतून येते. चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींनी १९७८ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. वन विभागाच्या परवानगीने साप पकडायचे, विष काढायचे आणि साप पुन्हा सोडून द्यायचे, हे तिचे काम. देशातल्या प्रतिविष उत्पादनाची भिस्त आजही मुख्यतः या संस्थेवर आहे.

अडचण सुरू होते ती इथूनच. प्रतिपिंड हे कुलपाच्या किल्लीसारखे असते. ज्या विषासाठी ते घडले, त्यालाच ते नीट बसते. साप दिसायला सारखा, नावही तेच, पण प्रदेश बदलला की विषाची घडण बदलू शकते.

श्रीलंकेतली घोणस

श्रीलंका हे औषध वर्षानुवर्षे भारतातून आयात करत आली आहे. त्याने तिथे असंख्य जीव वाचवले आहेत, हे निर्विवाद. मात्र तिथल्या घोणशीच्या दंशानंतर रक्त न गोठण्याबरोबरच पापण्या जड होणे, स्नायू लुळे पडणे अशी लक्षणेही वारंवार दिसतात. भारतातल्या बहुतेक भागांत घोणशीच्या दंशात ती इतकी आढळत नाहीत. शिवाय श्रीलंकेत सर्वाधिक दंश हिप्नेल गटातल्या, नाकाड वर वळलेल्या छोट्या सापाचे होतात. त्यातल्या काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होतात. आपल्या चार सापांच्या यादीत तो नसल्याने भारतीय औषध त्यावर चालत नाही.

मार्च २०२२ मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या श्रीलंकेला भारताने अन्न, औषधे आणि इतर गरजेच्या वस्तूंसाठी १ अब्ज डॉलरची कर्जसुविधा दिली. शेजारधर्म म्हणून ती मोलाचीच होती. पण तिथल्या सापाला लागू पडेल असे औषध केवळ पैशाने मिळत नाही. त्यासाठी तिथलेच विष प्रयोगशाळेत पोहोचावे लागते. श्रीलंकेतल्या पेराडेनिया विद्यापीठाने स्वतःच्या सापांवर प्रतिविष तयार करण्यासाठी हात मिळवला तो दूरच्या कोस्टारिकातल्या संस्थेशी.

घानाचा धडा, नायजेरियाची वाट

नुसत्या व्यापाराने काय होते, हे पश्चिम आफ्रिकेतल्या घानाने अनुभवले. तिथल्या एका ग्रामीण रुग्णालयात २००४ च्या सुमारास आधीच्या औषधाऐवजी भारतात बनलेले प्रतिविष वापरात आले. ते आशियातल्या फुरशाच्या विषावर आधारलेले होते. घानातला साप फुरशाच्याच गोतावळ्यातला, पण वेगळ्या जातीचा. सर्पदंशाच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेले. कुपीत औषध होते, पण ते त्या गावच्या सापासाठी नव्हते.

नायजेरियाने दुसरी वाट धरली. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ब्रिटनमधल्या लिव्हरपूल आणि ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांशी करार केला. नायजेरियातल्या सापांचे विष बाहेर गेले आणि ब्रिटन व कोस्टारिकात त्यावर प्रतिविष तयार झाले. नायजेरियातच रुग्णांवर रीतसर चाचणी घेतल्यावर दोन्ही औषधे परिणामकारक ठरली. इथे एक देश नुसता विकणारा आणि दुसरा नुसता घेणारा नव्हता. विष, माहिती आणि चाचणी एकाकडून, तर तंत्र आणि उत्पादन दुसऱ्याकडून, अशी ती देवाणघेवाण होती.

आपल्याही घरचा प्रश्न

जे श्रीलंकेला लागू, तेच थोड्याफार फरकाने शहापूरलाही लागू आहे. तमिळनाडूतल्या सापांच्या विषावर बनलेले औषध देशाच्या कानाकोपऱ्यात सारखेच काम करेल, असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या भागांतल्या सापांचे विष तपासून ही तफावत दाखवून दिली आहे. सह्याद्रीच्या झाडीत आढळणारा हिरवा चापडा सहसा जीव घेत नाही, पण त्याच्या विषावर आपल्याकडे स्वतंत्र प्रतिविष नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. हे प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्पदंश प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून शहापूर आणि अहेरी हे तालुके निवडले गेले. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर आहे. याच्या जोडीला वेगवेगळ्या प्रदेशांत विष गोळा करण्याची सोय झाली, तर देशातल्या रुग्णांना फायदा होईलच. तीच पद्धत श्रीलंकेसारख्या शेजाऱ्याबरोबर राबवली, तर भारतीय औषधावरचा विश्वास वाढेल आणि निर्यातीचा पायाही भक्कम होईल.

तोवर काय करावे?

आज हाती असलेले प्रतिविष परिपूर्ण नसले, तरी त्याला पर्याय नाही. ते जितके लवकर मिळेल तितके चांगले. दंश झालेला हात किंवा पाय हलवू देऊ नका, फळीचा आधार द्या आणि रुग्णाला धीर द्या. घट्ट दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे हे प्रकार टाळा. साप मारण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी झाली, पापण्या मिटू लागल्या किंवा बोलणे जड झाले, तर सर्पदंशाची शंका घ्यावी आणि उजाडण्याची वाट न पाहता निघावे.