हातोडा मारण्याआधी

या रे पोरांनो, बसा जवळ. आज हिमालयात सापडणाऱ्या समुद्राची गोष्ट सांगतो.

हिमाचल प्रदेशात स्पिती नावाचं खोरं आहे. तिथे पाऊस अगदी नावाला, त्यामुळे झाडं जवळजवळ नाहीतच. आपल्या सह्याद्रीत खडक बघायचा म्हणजे आधी गवत, माती, करवंदाच्या जाळ्या बाजूला साराव्या लागतात. तिथे मात्र डोंगर उघडाबोडका. एकावर एक बसलेले थर लांबूनही मोजून घ्यावेत! लांग्झा हे तिथलं गाव सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी लांग्झा वरच राहील. हवा इतकी विरळ, की चार पावलं चढलं की धाप लागते.

एकदा आम्ही भूशास्त्रज्ञ सकाळी तिथल्या जवाच्या शेतांमधून निघालो. पाठीवर हातोडा, होकायंत्र, भिंग, मोजपट्टी आणि विरल आम्लाची इवलीशी बाटली. आमचं काम नेहमी तळापासून सुरू होतं, कारण खालचा थर आधी साचलेला असतो आणि वरचा नंतर. पण हिमालयात घड्या पडून कुठे कुठे थर पार उलथे झालेत. म्हणून प्रत्येक ठिकाणी थर किती कलला आहे, कोणत्या दिशेला कलला आहे, हे मोजून वहीत लिहायचं. मग पुढचं पाऊल.

तळाशी करडा खडक होता. त्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि तो फसफसला. म्हणजे चुनखडक, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. त्याच्यावर गंजासारखा तांबूस, लोहयुक्त पट्टा. आणि त्याहून वर काळा, हाताने चुरगळणारा शेल नावाचा खडक. त्या काळ्या चुऱ्यात जागोजागी गोल, कठीण गाठी रुतलेल्या दिसतात. आमचा खजिना तोच.

एक गाठ हाताशी आली. पण हातोडा लगेच मारायचा नाही बरं का! आधी ती थरात असतानाच तिच्यावर पेनाने बाण काढायचा, वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून. मग क्रमांक टाकायचा. चुनखडकापासून ती किती उंचीवर सापडली, तेही लिहायचं. हे सगळं झालं की मग घाव.

गाठ दोन तुकड्यांत उकलली. एकात गुंडाळलेला शंख, दुसऱ्यात त्याचाच ठसा. शंखावर बारीक उभे कंगोरे, केंद्राकडे दाट होत गेलेले. हा अमोनाइट! आपल्या कोकणात कोळ्यांच्या जाळ्यात माकूळ येते ना, तिचा हा दूरचा नातलग. हा प्राणी शंखाच्या शेवटच्या खोलीत राहायचा. आधीच्या खोल्या पडद्यांनी बंद केलेल्या असत आणि त्यांत वायू भरलेला असे, त्यावर तो पाण्यात तरंगायचा. मेल्यावर तळाच्या चिखलात रुतला. कुजताना भोवतालच्या पाण्याचं रसायन बदललं, चिखलात खनिजं जमून तो भाग घट्ट झाला, आणि बाकी चिखलाचा ठिसूळ शेल झाला तरी शंख शाबूत राहिला.

ही गोष्ट सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा तिथे टेथिस समुद्र होता. पुढे आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला, आणि समुद्राचा तळ घड्या पडत वर उचलला गेला. तो रेटा अजून थांबलेला नाही. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे लाव्हा पसरत होता, त्याच सुमाराला जगातले शेवटचे अमोनाइट संपले.

फर्डिनांड स्टॉलिच्का नावाचा मोराव्हियातला भूशास्त्रज्ञ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होता. १८६० च्या दशकात त्याने हेच खोरं पालथं घातलं. त्याने थरांना इथल्याच गावांची नावं दिली: मुथ, ग्युमल, चिक्किम. आजही तीच नावं चालतात. १८७४ मध्ये लडाखच्या उंचीवरच तो आजारी पडून गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी. गाडीरस्ता नाही, नकाशे अपुरे, आणि तरी इतकं नेमकं काम! मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता तुम्ही विचाराल, आजोबा, त्या बाणाचं आणि क्रमांकाचं एवढं काय? अमोनाइटचे प्रकार झपाट्याने बदलत गेले आणि समुद्रासमुद्रांत पसरले. त्यामुळे कोणत्या थरात कोणता प्रकार आहे, यावरून स्पितीचा खडक थेट युरोपातल्या खडकाशी जुळवता येतो. थरातून सुटलेला, कुठला ते माहीत नसलेला शंख देखणा असतो, पण त्याच्याकडून ही जुळणी होत नाही.

म्हणून एक सांगून ठेवतो. कधी स्पितीला गेलात आणि कुणी असा शंख विकायला पुढे केला, तर घेऊ नका. वाटेत दिसला, तर निरखून बघा, फोटो काढा आणि जिथे आहे तिथेच राहू द्या.