शेपटीवर तोललेलं विमान

रिमोटवर उडणारं मॉडेल विमान गिरक्या घेतं, उलटं होतं, कोलांट्या मारतं, आणि बघ्यांना ते सगळं आवडतंही. पण गर्दी एकदम गप्प होते ती विमान नाक आभाळाकडे करून उभं राहतं तेव्हा. शेपटी गवतापासून हातभर उंच, पंख दोन्ही बाजूंना नुसते पसरलेले, आणि विमान जागच्या जागी थांबलेलं. पंख आता काहीच उचलत नसतात. सगळं वजन पुढच्या प्रोपेलरवर असतं. उडवणारे याला ‘हॉव्हर’ म्हणतात. जवळून पाहिलं तर मागचं रडर आणि एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या आणि आडव्या हलत्या पट्ट्या, क्षणभरही स्वस्थ नसतात. दोन्ही सारखे इकडून तिकडे थरथरत असतात, आणि मोटरचा आवाज बारीक बारीक चढत-उतरत असतो.

या छंदात नव्यानं येणाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: हे शिकायला छोटं विमान सोपं की मोठं? बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. छोटं सोपं. छोटं स्वस्त असतं, आपटलं तर कमी मोडतं, कुणाला लागायची भीती कमी, हे सगळं खरं आहे. पण हवेत तोलून धरायला मात्र मोठंच विमान सोपं. आकार वाढला की उडवणाऱ्याच्या हातात वेळ जास्त येतो, आणि हॉव्हरमध्ये वेळेइतकी महाग दुसरी वस्तू नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. प्रोपेलर वर आणि बाकीचं विमान त्याच्या खाली, म्हणजे ते खुंटीला टांगल्यासारखं आपोआप सरळ राहील, असं अनेकांना वाटतं. हाच समज रॉकेटच्या बाबतीतही झाला होता. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथे द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. त्याची मोटर वरच्या टोकाला होती, इंधनाच्या टाक्या खाली. वरून ओढलं की रॉकेट सरळ राहील, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा होता. खुंटी जागेवर पक्की असते, तिची ओढ नेहमी सरळ वर असते. रॉकेटची मोटर किंवा विमानाचा प्रोपेलर मात्र त्याच्या अंगाशी जखडलेला असतो. विमान डावीकडे कललं की ओढही डावीकडे कलते. त्याला परत सरळ करणारं कुणी उरत नाही. वजन वर ठेवा की खाली, फरक पडत नाही. सरळ करायचं काम फक्त शेपटीचं, म्हणजे शेवटी उडवणाऱ्याच्या बोटांचं.

आता वेळेचा हिशेब. विमान जरासं कललं की ते त्या बाजूला घसरायला लागतं. घसरण्याचा वेग किती वाढणार हे गुरुत्वाकर्षण आणि कलण्याचा कोन यांवर ठरतं, विमानाच्या आकारावर नाही. पण घसरण हाताबाहेर गेली कधी म्हणायची? विमान स्वतःच्या लांबीच्या मानानं बरंच सरकलं की. मोठ्या विमानाला तेवढं सरकायला जास्त वेळ लागतो. तळहातावर लांब काठी तोलणं जमतं आणि पेन्सिल तोलणं जमत नाही, त्याचा हिशेबही याच सूत्राचा आहे: वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पंखांचा पसारा ८० सेंटिमीटर असलेल्या विमानासाठी हा वेळ सुमारे ०.२९ सेकंद येतो, २.६ मीटरच्या विमानासाठी ०.५१ सेकंद. आकडे किरकोळ दिसतात. पण डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि विमान लहान केलं म्हणून ते कमी होत नाहीत. छोट्या विमानात चूक दिसून दुरुस्ती होईपर्यंत मुदत जवळजवळ संपलेली असते. मोठ्यात अर्ध्याहून अधिक शिल्लक असते. त्यामुळे छोटं विमान उभं करणारा मुरलेला हात कललेलं पाहून हालत नाही. ते कलणार याचा अंदाज घेऊन आधीच हालतो.

हे वर्गमूळ काही या छंदाचं नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकात टॉर्की इथे जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून हे नातं पक्कं केलं. विमानांच्या जगात त्याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण १९५४ सालचं आहे. अमेरिकी नौदलासाठी कॉनव्हेअर कंपनीनं ‘एक्सएफवाय-१ पोगो’ नावाचं विमान बांधलं होतं. ते शेपटीवर उभं राहून सरळ वर उडे आणि शेपटीवरच उतरे. पंखांचा पसारा साधारण साडेआठ मीटर. खरं विमान उडवण्याआधी व्हर्जिनियातल्या लँगली प्रयोगशाळेत नाका या संशोधन संस्थेनं त्याची ०.१३ पट प्रतिकृती उडवली. म्हणजे पसारा १.१ मीटर, आज मैदानावर दिसणाऱ्या मध्यम विमानाएवढाच. प्रमाण ०.१३ असेल तर वर्गमुळाच्या नियमानं प्रतिकृतीच्या सगळ्या हालचाली मूळ विमानापेक्षा पावणेतीन पट झटपट होणार. लँगलीच्या अशा चाचण्यांत एकाच माणसाकडे सगळं नियंत्रण नसे. नाक वर-खाली करणारा वेगळा, गिरकी सांभाळणारा वेगळा, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा आणखी वेगळा. आज मैदानावर एकटा माणूस दोन अंगठ्यांनी ही सगळी कामं एका वेळी करतो, हे मला नेहमीच थक्क करतं.

पोगोचे चाचणी वैमानिक जेम्स कोलमन यांनी आधी कॅलिफोर्नियातल्या मॉफेट फील्डच्या प्रचंड हँगरमध्ये, विमान दोरानं सुरक्षित बांधून सराव केला. २ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांनी उभं उड्डाण, आडवं उड्डाण आणि पुन्हा उभं उतरणं असा पूर्ण फेरा करून दाखवला. एवढं मोठं विमान सावकाश हालत होतं, दुरुस्तीला वेळ मिळत होता. अडचण निराळीच निघाली. उतरताना वैमानिक पाठीवर पडलेला आणि जमीन त्याच्या पाठीमागे. खांद्यावरून मागे बघत, खाली किती वेगानं जातोय याचा अंदाज घेत उतरायचं. ते सामान्य वैमानिकाला जमण्यासारखं नव्हतं आणि विमान पुढे गेलं नाही. मॉडेल उडवणारा जमिनीवर उभा राहून विमान बाहेरून पाहतो, ही त्याची मोठी सोय.

वेळेनंतर येते हवा. हॉव्हरमध्ये विमानाला पुढे वेग नसतो, तेव्हा रडर-एलेव्हेटरवर जी हवा लागते ती फक्त प्रोपेलरनं मागे फेकलेली. हा झोत किती जोराचा? हिशेब सोपा आहे: वजन आणि प्रोपेलरचा व्यास कळला की झोताचा वेग काढता येतो. १०० ग्रॅमचं फोमचं विमान, २३ सेंटिमीटरचा प्रोपेलर: झोत ताशी सुमारे २३ किलोमीटर. सव्वा किलोचं, ३३ सेंटिमीटरच्या प्रोपेलरचं: ताशी ५५. पेट्रोल इंजिनाचं १२ किलोचं विमान, ७१ सेंटिमीटरचा प्रोपेलर: ताशी ८०.

आता मैदानावर ताशी १० किलोमीटरची झुळूक आडवी आली असं समजा. झाडाची पानं हलतात, एवढीच. वारा काही विमानाच्या मापानं लहान होऊन येत नाही. छोट्या विमानाचा झोत या झुळुकीमुळे वीस-पंचवीस अंशांनी बाजूला वळतो. शेपटीचा बराच भाग झोतातून बाहेर पडतो, आणि रडर पूर्ण वळवलं तरी विमान दाद देत नाही. मोठ्याचा झोत सात अंशांच्या आसपास वळतो, शेपटी झोतातच राहते. म्हणून हलकी विमानं बॅडमिंटनच्या हॉलमध्ये राजासारखी उडतात आणि उघड्यावर भांबावतात.

मोठ्या विमानाला या सुखाची किंमत मोजावी लागते. तेच विमान दुप्पट केलं तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट, वजन आठपट आणि गिरकीला होणारा विरोध बत्तीसपट. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) किंवा रडर वळवायला लागणारा जोर सोळापट. छोट्या विमानात पाच ग्रॅमची सर्व्हो मोटर जे काम करते त्यासाठी मोठ्यात धातूच्या गियरच्या ताकदवान सर्व्हो लागतात, आणि एलेरॉनवर पुष्कळदा एकाला दोन. सांध्यात केसभर जरी ढिलेपणा असला तरी हॉव्हरमध्ये तो लगेच जाणवतो, कारण सगळा खेळच बारीक हालचालींचा असतो. ताकदही फुकट येत नाही. आदर्श हिशेबानं त्या १०० ग्रॅमच्या विमानाला नुसतं लटकून राहायला किलोमागे ३० वॅट पुरतात, १२ किलोच्याला किलोमागे ११० च्या आसपास. प्रत्यक्षात दोघांनाही याहून पुष्कळ जास्त लागते. शिवाय लटकण्यापुरती ताकद असून भागत नाही. हॉव्हरमधून विमान सुटलं तर थ्रॉटल पुढे ढकलून वर निघून जाता यायला हवं. म्हणून ओढ वजनाच्या दुपटीच्या जवळ ठेवतात.

याच ठिकाणी छोट्या विमानांनी एक चतुर वाट काढली. मोठ्या विमानाची तंतोतंत छोटी प्रत केली तर ८० सेंटिमीटरचं विमान साधारण ३५० ग्रॅमचं भरेल. पण हॉलमध्ये उडणारी स्पर्धेतली विमानं १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही हलकी असतात. काही मिलिमीटर जाडीच्या फोमच्या सपाट पट्ट्या, मध्ये उदबत्तीपेक्षा बारीक कार्बनच्या काड्यांचे ताण, बोटाच्या पेराएवढी बॅटरी. पंखाला फुगीर आकारही नसतो. एवढ्या लहान मापाला आणि एवढ्या कमी वेगाला सपाट पंख छान चालतो. हलकेपणामुळे ही विमानं चालण्याच्या वेगानं उडतात, आणि आकारानं हिरावलेला वेळ असा वजन घटवून परत मिळवला जातो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या हॉलमधल्या विमानांचा ‘एफ३पी’ हा स्वतंत्र गट आहे. मैदानावरच्या ‘एफ३ए’ गटात लांबी आणि पसारा दोन्ही जास्तीत जास्त दोन मीटर, असा नियम आहे. स्पर्धक विमान त्या मर्यादेला टेकवूनच बांधतात. एवढ्यावरून आकाराचा फायदा किती मानला जातो ते कळतं. लास वेगासला १९७४ ते २००२ या काळात भरणाऱ्या ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’मध्ये तर विमानं वाढत वाढत तीन मीटरच्या घरात गेली होती.

हॉव्हरचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे टॉर्क रोल. प्रोपेलर एका दिशेनं फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान उलट दिशेनं फिरू पाहतं. एलेरॉननं ते रोखलं नाही तर उभं विमान स्वतःभोवती गिरक्या घेत राहतं. विमानाची पाठ आपल्याकडे असते तेव्हा रडर डावीकडे दिलं की नाक आपल्या डावीकडे जातं. अर्धी गिरकी झाली, पोट समोर आलं, की तेच डावं रडर नाकाला आपल्या उजवीकडे नेतं. एलेव्हेटरचंही तसंच. म्हणजे प्रत्येक गिरकीत मेंदूला सगळं दोनदा उलटं करायचं असतं. मोठं विमान संथ गिरकी घेतं, एकेक बाजू नीट समोर येते. छोटं गरकन फिरतं आणि पोट की पाठ हे कळेपर्यंत बाजू बदललेली असते. काही स्पर्धक आता एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे दोन प्रोपेलर लावतात. त्यानं ही प्रतिक्रिया जवळपास संपते. पोगोवरही अशीच जोडी होती.

मग घ्यायचं कुठलं? माझं मत स्पष्ट आहे. उघड्या मैदानावर हॉव्हर शिकायचं तर मीटर-सव्वा मीटरचं, आपटलं तरी चिकटवता येईल असं फोमचं विमान. त्याहून छोटं घेतलं तर वारा शिकू देत नाही, त्याहून मोठं घेतलं तर मोडण्याची धास्ती. हल्ली छोट्या विमानांत तीन अक्षांचा जायरो बसवलेला असतो. तो माणसाच्या किती तरी आधी चूक ओळखतो आणि छोट्या आकाराची उणीव बरीच भरून काढतो. सुरुवातीला तो लावण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र अधूनमधून बंद करून उडवावं, नाहीतर बोटांना रडर-एलेव्हेटरची सवय होत नाही.

मोठ्या विमानाकडे वळताना कायदाही पाहायला हवा. आपल्याकडच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी आणि शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांना २५ किलोंपर्यंत जागा आहे. आपलं मैदान कुठल्या रंगाच्या पट्ट्यात येतं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहून घ्यावं. विमानतळाजवळच्या शहरांत हे फार महत्त्वाचं आहे. १२ किलोचं विमान ७१ सेंटिमीटरचा लाकडी किंवा कार्बनचा पंखा फिरवत माणसांसमोर तोलायचं असेल, तर प्रत्येक उड्डाणाआधी सर्व्होचे सांधे, स्क्रू आणि बॅटऱ्या हातानं तपासायच्या आणि बघ्यांना आपल्या पाठीमागे, लांब उभं करायचं. आणि सकाळी लवकर मैदान गाठायचं, ऊन चढून वारा सुटण्याआधी.