हेडफोन आणि अ‍ॅम्प : आधी आकडे, मग कान

चांगला हेडफोन घेतला की पाठोपाठ सल्ला येतो, ‘याला वेगळा अ‍ॅम्प लागतो.’ मग कोणत्या हेडफोनला कोणता अ‍ॅम्प शोभतो यावर चर्चा रंगतात. एकाला आवाज उबदार वाटतो, दुसऱ्याला कोरडा. या विशेषणांचा बराचसा उलगडा शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने होतो, आणि तो समजला तर पैसेही वाचतात.

पहिला प्रश्न ताकदीचा. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे बघावेत. एक इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॅट शक्ती दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो. सेनहायझरचा नावाजलेला एचडी ६०० घेऊ. इम्पीडन्स ३०० ओहम, सेन्सिटिव्हिटी सुमारे ९७ डेसिबल. फोनच्या साध्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. व्होल्टच्या वर्गाला ओहमने भागलं की ३.३ मिलिवॅट येतात आणि आवाज १०२ डेसिबलपर्यंत जातो. रोजच्या ऐकण्याला तो पुरतो. पण सिंफनीतल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबल गाठायचे तर २० मिलिवॅट, म्हणजे सुमारे अडीच व्होल्ट हवेत. तिथे अ‍ॅम्प उपयोगी पडतो.

फक्त ओहम बघून मात्र फसगत होते. हायफायमॅनच्या एचई-६ चा इम्पीडन्स अवघा ५० ओहम, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल. त्याला तेच ११० डेसिबल गाठायला जवळजवळ अर्धा वॅट लागतो.

दुसरा प्रश्न अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आउटपुट इम्पीडन्सचा. ‘उबदार’ आवाजाचं मूळ अनेकदा इथे सापडतं. हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६०० मध्ये १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्या घरात चढतो. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स १२० ओहम असेल, तर व्होल्टेजच्या वाटणीत या खालच्या स्वरांना जास्त वाटा मिळतो आणि ते सुमारे १ डेसिबलने वर येतात. डग्ग्याची घुमक भरदार वाटू लागते. आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर हाच फरक डेसिबलच्या शंभराव्या भागाइतका उरतो. म्हणून अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा आहे. प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याच्या, हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सपाट असतो, त्यामुळे त्यांच्या स्वरांचा तोल यामुळे बिघडत नाही.

तिसरा प्रश्न तुलनेचा, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की, हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात. त्यामुळे किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प अधिक भरीव आणि ‘चांगला’ वाटतो. तुलनेआधी दोन्ही अ‍ॅम्पची पातळी सारखी करणं गरजेचं आहे. हेडफोन जोडलेला ठेवून दोन्हींवर ४०० हर्ट्झचा अखंड स्वर वाजवावा, एकाच मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावा आणि फरक १ टक्क्याच्या आत आणावा. मग कोणता अ‍ॅम्प चालू आहे हे न सांगता दुसऱ्याने ते बदलावेत. १० पैकी ९ किंवा अधिक वेळा अचूक ओळखता आलं, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे १ टक्का. म्हणजे फरक खरोखर ऐकू येतो, असं मानायला हरकत नाही.

अभियंता बॉब कार्व्हर यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या ‘स्टीरिओफाइल’ मासिकाचं आव्हान स्वीकारलं होतं. दोन अ‍ॅम्पच्या आउटपुटमधला फरक मोजत, सर्किटमध्ये दुरुस्त्या करत त्यांनी आपला स्वस्त अ‍ॅम्प एका महागड्या अ‍ॅम्पशी जुळवला. शेवटी मासिकाच्या मुरलेल्या समीक्षकांनाही दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. ते अ‍ॅम्प स्पीकरसाठीचे होते, पण धडा हेडफोनलाही लागू आहे.

पुरेशी शक्ती, कमी आउटपुट इम्पीडन्स आणि ऐकू न येण्याइतका गोंगाट, एवढं जमलेला अ‍ॅम्प पुरेसा असतो. त्यापुढचे पैसे हेडफोनवर घालावेत, कारण दोन हेडफोनमधला फरक बहुधा दोन चांगल्या अ‍ॅम्पमधल्या फरकाहून कितीतरी मोठा असतो. आणि आवाजाची पातळी जपावी. ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे.