मालसाठ्यात अडकलेले भांडवल

गोदामात रचलेला माल हे भरभराटीचे लक्षण मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ताळेबंदातही मालसाठा मत्तेच्या बाजूलाच दिसतो. परंतु तो विकला जाऊन पैसे हाती येईपर्यंत त्यावर व्याज चढतच असते. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांसाठी यंत्रभाग बनविणारे असंख्य लघुउद्योग आहेत. अशा उद्योगांना रोखीची चणचण भासते, तेव्हा कर्जमर्यादा वाढवून घेण्यापूर्वी साठ्याकडे पाहणे हिताचे ठरते.

साठा आणि दिवस

सरासरी साठा म्हणजे रोजचे उत्पादन गुणिले माल कारखान्यात राहण्याचे दिवस. हा नियम अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये गणिताने सिद्ध केला. समजा, एका कारखान्यात रोज 100 भाग तयार होतात. कच्चा माल आल्यापासून तयार माल रवाना होईपर्यंत 40 दिवस लागतात. म्हणजे 4,000 भाग सतत अडकलेले असतात. प्रत्येकात सरासरी 500 रुपये गुंतले, तर ही रक्कम 20 लाख रुपये होते. कालावधी 25 दिवसांवर आला, तर 7.5 लाख रुपये मोकळे होतात. दहा टक्के दराने वर्षाचे 75,000 रुपये व्याज वाचते.

दिवस कमी कसे करावेत? बहुतेक वेळ कामात नव्हे, तर रांगेत जातो. यंत्राची जुळणी बदलण्यास चार तास लागत असल्यास एकदम 1,000 भागांचा घाणा काढला जातो. तीच जुळणी एका तासात झाली, तर तेवढ्याच एकूण वेळेत 250 भागांचे चार घाणे निघतात व साठा घटतो.

क्षमतेचा अर्थ

प्रत्येक यंत्र अखंड चालले पाहिजे, हा समजही तपासून पाहावा. कामाची आवक अनियमित असते. रांगेच्या साध्या गणितानुसार यंत्र 80 टक्के व्यग्र असल्यास एका तासाच्या कामाला सरासरी चार तास थांबावे लागते. 90 टक्क्यांना नऊ तास. म्हणून ज्या टप्प्यावर काम तुंबते, तेथेच क्षमता वाढवावी. इतर यंत्रे अधिक चालविल्यास केवळ अर्धतयार मालाचे ढीग वाढतात.

बिडदीचा धडा

बंगळुरूजवळील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीचे उत्पादन 1999 अखेर सुरू झाले. किर्लोस्करवाडीची परंपरा आणि जपानी उत्पादनपद्धती यांचा हा संगम होय. पुढील टप्प्याने उचलले तेवढेच मागील टप्प्याने बनवावे, हे त्या पद्धतीचे सूत्र. मागणीची खूण म्हणून वापरले जाणारे कार्ड म्हणजे 'कानबान'.

मात्र मोठ्या कारखान्याने साठा कमी केला आणि पुरवठादाराने आपली पद्धत बदलली नाही, तर तोच साठा पुरवठादाराच्या गोदामात जाऊन बसतो. शिवाय शून्य साठाही धोक्याचा असतो. फेब्रुवारी 1997 मध्ये जपानमधील आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली आणि ब्रेकच्या एका छोट्या भागाअभावी टोयोटाचे तेथील बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले. ज्या मालाला पर्याय नाही, त्याचा राखीव साठा ठेवावाच.

बँकेची दृष्टी

टंडन समितीने 1975 मध्ये उद्योगनिहाय साठ्याचे निकष सुचविले. पुढे नायक समितीच्या शिफारशीनुसार लघुउद्योगांसाठी अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के खेळते भांडवल गृहीत धरून 20 टक्के बँकेने द्यावे व 5 टक्के उद्योजकाने घालावे, असे सूत्र रूढ झाले. उलाढालीचा चौथा हिस्सा म्हणजे तीन महिन्यांचे चक्र. ज्याचे चक्र त्याहून लहान, त्याला तेवढ्याच उलाढालीसाठी कमी पैसा पुरतो.

मासिक स्टॉक स्टेटमेंट ही केवळ बँकेची औपचारिकता नव्हे. कच्चा, अर्धतयार आणि तयार माल किती दिवसांचा आहे, हे त्यात दरमहा मांडावे. न हलणारा माल निराळा दाखवावा. शाखाधिकाऱ्यांनीही रकमेबरोबर दिवस विचारावेत. कर्जमर्यादेची वाढ व्याजासह फेडावी लागते. साठ्यातून सुटलेला पैसा मात्र उद्योजकाचा स्वतःचाच असतो.